कॅलिफोर्नियातली ग्रँड ज्युरी म्हणजे नेमकं काय? नव्याने नागरिक झालेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

उपयोग मोठा आहे: काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कारभाराची चौकशी करण्याचा अधिकार ती थेट साध्या नागरिकांच्या हाती देते. नाव ऐकून लोकांना वाटतं की ही फक्त आरोप निश्चित करणारी ज्युरी. पण कॅलिफोर्नियाच्या 58 काउंट्यांपैकी प्रत्येकीत दरवर्षी ग्रँड ज्युरी बसते, आणि तिचं मुख्य काम स्थानिक कारभार तपासणं हे असतं. बहुतेक ठिकाणी 19 सदस्य असतात, लॉस एंजेलिसमध्ये 23. ते गुप्ततेची शपथ घेतात, कागदपत्रं मागवतात, अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात, काउंटीतल्या तुरुंगांची स्थितीही पाहतात. मग जाहीर अहवाल येतो. राज्याच्या दंडसंहितेच्या कलम 933 नुसार ज्या संस्थेबद्दल अहवाल आहे तिच्या नियामक मंडळाला 90 दिवसांत, तर निवडून आलेल्या अधिकाऱ्याला 60 दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. तेही मोघम चालत नाही. शिफारस अमलात आणली, आणणार आहोत, अजून अभ्यास हवा की आणणार नाही, हे सांगावं लागतं आणि नकार दिला तर कारणही. नागरिकशास्त्राच्या वर्गात हे शिकवायचं तर आपल्याच काउंटीचा एक अहवाल आणि त्याला आलेलं उत्तर शेजारी ठेवून वाचावं. माझ्या मते याहून चांगला धडा नाही.

एक मर्यादा मात्र आहे: ज्युरी शिफारस करते, सक्ती करू शकत नाही. अर्ज करायला अमेरिकन नागरिकत्व, वय किमान 18 आणि काउंटीत वर्षभराचं वास्तव्य लागतं. ग्रीन कार्ड पुरत नाही.