बीएला इतिहास आणि इंग्रजी एकत्र घेतलं तर चालेल का?

चालेल की! मुंबई विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत तिसऱ्या वर्षाला तीन पेपर इतिहासाचे, तीन इंग्रजीचे, अशी जोडी घेता यायची. आता मेजर-मायनर आहे, म्हणजे एक विषय मुख्य, दुसरा दुय्यम. तुमच्या कॉलेजात ही जोडी वेळापत्रकात बसते का, ते प्रवेशाआधी ऑफिसात विचारा. तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

जोडी जमते कशी? महात्मा फुल्यांची १८७३ची 'गुलामगिरी' घ्या. पुस्तक मराठी, पण प्रस्तावना इंग्रजीतही आहे, आणि अर्पण केलंय गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. इतिहासवाला विचारेल, हे त्याच काळात का? इंग्रजीवाला विचारेल, इंग्रजी प्रस्तावना नेमकी कोणासाठी? दोन्ही प्रश्न एकाच डोक्यात आले की मजा येते.

त्रास वाचनाचा. सेमिस्टरच्या शेवटी कादंबरी आणि संदर्भग्रंथ दोन्ही उरावर बसतात. गाईडवर निभावणार असाल तर नकोच.

पुढे संशोधन करायचं असेल तर ब्रिटिश काळाच्या सरकारी दप्तरासाठी इंग्रजी हवंच. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपलेली जागा, एकदा बघून या. पेशवाईत शिरायचं असेल तर मात्र इंग्रजी पुरणार नाही, मोडी लिपी शिका.