प्रांत, व्याप्ती, आंतरछेद: आलेख मराठीत कसा वाचायचा?

सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता, आता अकरावी सायन्सला सगळं गणित इंग्रजीत. आलेख काढून देतात आणि खाली ‘डोमेन, रेंज, इंटरसेप्ट लिहा’. घरी समजावताना डोमेनला प्रांत म्हणू की क्षेत्र? रेंजला विस्तार चालेल का? आणि इंटरसेप्ट म्हणजे नक्की काय, बिंदू, लांबी की नुसती संख्या?

ताई, डोमेनला प्रांतच म्हणा. क्षेत्र म्हटलं की पोराच्या डोक्यात क्षेत्रफळ येणार. प्रांत म्हटल्यावर आपल्याला प्रांतसाहेब आठवतात हे खरं, पण ‘तो माझा प्रांत नाही’ असंही आपण सर्रास म्हणतो, आणि इथे नेमका तोच अर्थ लागू पडतो. फलाला, म्हणजे फंक्शनला, ज्या किमतीबद्दल काही सांगताच येत नाही, ती त्याच्या प्रांताबाहेरची. (फल आणि फलन दोन्ही चालतं. मला फल आवडतं, आखूड आहे.)

आता एक आलेख घेऊ. गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी क्युसेक विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो. गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला. समजा आडव्या अक्षावर सकाळी 6 पासूनचे तास आहेत आणि उभ्या अक्षावर मारुतीच्या पावलांपासून मोजलेली पाण्याची पातळी, फुटांत. पाणी पावलांच्या खाली असेल तर पातळी ऋण. आकडे मी सोयीचे घेतलेत: 0 तासाला −5, तिथून चढत 2 तासांनी 0, 6 तासांनी सर्वांत उंच म्हणजे 4, मग उतार, 10 तासांनी पुन्हा 0 आणि 12 तासांनी −5. दोन्ही टोकांना भरीव ठिपके.

प्रांत वाचायचा डावीकडून उजवीकडे: 0 ते 12, दोन्ही धरून. तेराव्या तासाला पाणी किती होतं? नदीत पाणी होतंच, पण आलेखाचा तो प्रांत नाही.

दुसरा शब्द, रेंज, जास्त घोटाळ्याचा. मुलं टोकं बघतात, दोन्हीकडे −5 दिसतं आणि अडकतात. इथे टोकांवर जायचं नाही, खालून वर जायचं: सर्वांत खालची पातळी −5, सर्वांत वरची 4, आणि वक्र सलग असल्यामुळे मधली प्रत्येक पातळी कधी ना कधी येतेच. म्हणून −5 ते 4. याला मी व्याप्ती म्हणेन, विस्तार नाही. विस्तार हा शब्द संख्याशास्त्रात आधीच कामाला लागलेला आहे, आणि तिथे तो एकच संख्या असतो: सर्वांत मोठी किंमत वजा सर्वांत लहान. या पुराचा विस्तार 9 फूट, व्याप्ती मात्र −5 ते 4 हा सगळा पट्टा. इंग्रजीत दोन्हींना रेंजच म्हणतात आणि पोरं ‘रेंज 9’ लिहून मोकळी होतात. आपल्याकडे दोन शब्द आहेत तर ते वेगळेच ठेवावेत. काही पुस्तकांत फलाच्या बाबतीतही विस्तार छापलेला दिसतो. त्याला चूक म्हणणार नाही, पण घरी शिकवताना टाळा.

ठिपक्यांची एक गंमत बघा. उजव्या टोकाचा ठिपका पोकळ केला, म्हणजे 12 वगळलं, तर प्रांत 12 च्या अलीकडे थांबतो. व्याप्तीतून −5 जातं का? नाही, कारण 0 तासाला ते आहेच. डाव्या टोकाचाही ठिपका पोकळ केला तर मात्र −5 गेलं, आणि त्याबरोबर उभा आंतरछेदही (वक्र उभ्या अक्षाला जिथे भेटतो ती पातळी) गेला. असा प्रश्न मुलाला एकदा तरी घाला. पाठांतरावर चाललंय की आलेख खरंच वाचतोय, ते लगेच कळतं.

आता आंतरछेद, म्हणजे इंटरसेप्ट. हा शब्द त्याच्या ओळखीचा आहे. दहावीच्या भूमितीत ‘तीन समांतर रेषांनी छेदिकेवर केलेले आंतरछेद’ येतात, आणि तिथे आंतरछेद म्हणजे छेदिकेचा कापलेला तुकडा, म्हणून त्याची लांबी. ती ऋण नसते. गोंधळाचं मूळ इथेच आहे. आलेखात आंतरछेद ही चिन्हासकट संख्या असते: वक्र आडव्या अक्षाला जिथे कापतो ते आडवे आंतरछेद 2 आणि 10, म्हणजे सकाळी 8 आणि दुपारी 4, उभा आंतरछेद −5. (2, 0) हा छेदनबिंदू. पुष्कळ शिक्षक बिंदूच लिहून घेतात, तर परीक्षेत त्यांच्या पद्धतीनेच लिहावं, पण बोलताना दोन्ही वेगळे ठेवा. उभा आंतरछेद फार तर एकच असतो, कारण एका वेळी पाण्याची पातळी एकच. आडवे कितीही असू शकतात, नसूही शकतात.

आणि शून्य कुठे मानलं यावर ते अवलंबून असतात. पातळी पावलांऐवजी गुडघ्यापासून मोजली तर पूर तोच, प्रांत तोच, विस्तारही 9 च. व्याप्ती खाली सरकते आणि आडवे आंतरछेद एकमेकांच्या जवळ येतात, कारण पाणी गुडघ्याच्या वर थोडा वेळच होतं.

आंतरछेदाचं नुसतं ‘छेद’ मात्र करू नका. आपल्याकडे छेद म्हणजे अपूर्णांकातला अंशाखालचा. 1 भागिले क्ष या फलाचा आलेख घेतलात तर ‘छेद शून्य नको’ हे प्रांताबद्दलचं विधान आहे: क्ष शून्य चालत नाही. आणि ‘आंतरछेद नाही’ हे वक्राबद्दलचं: तो दोन्ही अक्षांच्या जवळजवळ जात राहतो, पण टेकत एकालाही नाही.