वांग्याची तोडणी, कोठीतली जुनी पावडर आणि स्तनाचा कर्करोग: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर, देपालपूर आणि महू भागातील मराठी शेतकरी कुटुंबांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार येथे घेतले आहेत.

भाजीवरच्या औषधाने स्तनाचा कर्करोग होतो म्हणतात. घरात दोन मुली आहेत. मिठाच्या पाण्यात भाजी धुतली की पुरे ना?

ताई, अमुक बाईला कर्करोग औषधामुळेच झाला असे कोणालाच सांगता येत नाही. वाढते वय, घराण्यातला इतिहास, पाळी गेल्यावर वाढलेले वजन, दारू ही कारणे आहेतच. पण मुलींची काळजी वाटते ती रास्त आहे. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींचे रक्त साठवून ठेवले होते. पुढे त्या बायकांचा माग काढला तेव्हा दिसले की, डीडीटीचा वापर सुरू झाला त्या काळात ज्या चौदा वर्षांच्या आत होत्या आणि ज्यांच्या रक्तात डीडीटी (हे जुने कीटकनाशक) जास्त होते, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग पाचपट आढळला. वयाने मोठ्या असलेल्यांत त्या पाहणीत तसे दिसले नाही. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात हे प्रमाण जास्त होते, त्यांच्या लेकींमध्येही धोका जवळपास चौपट निघाला. स्तनाची घडण पोटात असताना आणि वयात येताना होते, म्हणून जपायचे ते या दोन काळांत.

आता धुण्याचे. डीडीटीच्या जातीची औषधे चरबीत मुरतात. ती दूध, तूप, मांसातून येतात आणि पाण्याने जात नाहीत. आजची बरीच औषधे मात्र सालीवर असतात. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटे भाजी बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सफरचंदावरच्या प्रयोगात सालीवरचे औषध याने बरेच निघाले. सालीच्या आत शिरलेले निघाले नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शिरून पसरणारे, औषध तर रसातच असते, त्याला सोडाही काही करत नाही. त्याचा बंदोबस्त स्वयंपाकघरात होत नाही, शेतात करावा लागतो.

वांग्याची तोडणी दर तीन-चार दिवसांनी चोइथराम मंडीत जाते. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी क्लोरँट्रानिलीप्रोल मारतो. दुकानदार म्हणतो फवारल्यावर तोडणीला तीन दिवस थांबा.

तीन दिवस टोमॅटोला. वांग्याला लेबलवर २२ दिवस लिहिले आहेत. बाटली तीच, पण पिकागणिक आकडा वेगळा असतो: भेंडी ५, हरभरा ११, सोयाबीन २९. तोडणी चालू असताना २२ दिवस कोण थांबणार? कोणीच नाही, आणि चूक नेमकी इथेच होते. म्हणून हे औषध फळधारणेच्या आधीच वापरा: एकरी ८० मिली, म्हणजे एकरी २०० लिटर पाणी धरले तर १५ लिटरच्या पंपाला ६ मिली. पंपात झाकणाने अंदाजे ओतू नका, मापाचा प्लास्टिक पेला दहा-पंधरा रुपयांत मिळतो.

तोडणी सुरू झाली की आठवड्यातून एकदा वाळलेले शेंडे एक-दोन पेरे खालून कापा आणि किडक्या फळांसह खोल पुरा. बांधावर फेकलेल्या फळातली अळी कोष करून परत येते, हे काम अर्धवट करण्यात अर्थ नाही. वांग्याच्या अळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) एकरी ४० लावा, रोप वाढेल तसे वर सरकवा, त्यातली वासाची गोळी (ल्युअर) मुदतीत बदला. तरी फवारणी करावीच लागली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, एकरी ८० ग्रॅम. वांग्यावर त्याचा प्रतीक्षा काळ (फवारणी ते तोडणी) ३ दिवस आहे. सकाळी तोडा, संध्याकाळी फवारा, पुढची तोडणी पूर्ण तीन दिवस गेल्यावर, चौथ्या दिवशी. मोनोक्रोटोफॉस भाजीवर चालत नाही, कोणी स्वस्तात दिले तरी नाही.

फवारणीचे कपडे घरी बायकाच धुतात. त्याने काही होते का?

होऊ शकते, आणि याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना इथल्या शेतकरी कुटुंबांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक स्वतः हाताळणाऱ्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे वाढलेले आढळले. म्हणून ज्याने फवारले त्यानेच, त्याच दिवशी, नायट्राइलचे (रबरासारखे) हातमोजे घालून कपडे वेगळ्या बादलीत धुवावेत. पहिले पाणी विहिरीपासून लांब टाकावे, कपडे उन्हात वाळवावेत. गरोदर बाई आणि शाळकरी मुली यांना औषध कालवायला, पंप भरायला, फवारलेल्या शेतात त्याच दिवशी निंदायला पाठवू नका.

एका ताईंनी विचारले, दुधातून औषध बाळाला जात असेल तर पाजणे बंद करू का? नाही. पाजत राहा. स्तनपानाने आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमीच होतो.

सासऱ्यांच्या वेळची पांढरी पावडर कोठीत आहे. गव्हात मिसळायची पद्धत होती. ती जाळून टाकू का?

जाळू नका. डीडीटी किंवा बीएचसी (तसलीच जुनी कीटकनाशक पावडर) असेल तर जाळल्यावर विषारी धूर निघतो, आणि कमी आचेवर डायॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते चाऱ्यावर बसून म्हशीच्या दुधात उतरते. औषधाच्या रिकाम्या बाटल्याही त्याच कारणाने शेतात पेटवू नयेत; तीनदा विसळा, ते पाणी पंपातच घाला, मग बाटलीला भोक पाडा. पावडर नाल्यात वा विहिरीजवळ पुरू नका. शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद आहे, बीएचसी त्यानंतर बंद झाली. डबा झाकणासकट जाड पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून, धान्यापासून दूर कुलपात ठेवा आणि विकासखंडाच्या कृषी कार्यालयाला लेखी कळवा. पावडर मिसळलेला गहू उरला असेल तर तो दळू नका, जनावरांनाही घालू नका. नव्या गव्हासाठी दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा, गार झाल्यावरच लोखंडी कोठीत भरा आणि झाकणाची फट मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद करा.