साथीदारासाठी नोटेशन लिहिताना

साथीला बसणाऱ्या पेटीवाल्यासाठी बंदिशीचे स्वर लिहून द्यायचेत? सगळ्यात आधी ती रेघांची वही बाजूला ठेवा. भातखंडे पद्धतीत, म्हणजे स्वर लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ असते. ती वहीच्या छापील ओळीवर बसली की कोमल कुठला, शुद्ध कुठला हेच कळत नाही, आणि पेटीवाला बिचारा भीमपलास रागात कोमलऐवजी शुद्ध गंधार वाजवून मोकळा! कोरा कागद घ्या. ओळींमध्ये जागा सढळ हाताने सोडा, कारण कोमलाची रेघ, मंद्राचं (खालच्या सप्तकाचं) टिंब आणि एका मात्रेतले, म्हणजे तालाच्या एका ठोक्यातले, स्वर बांधणारी कमान, सगळं स्वराखालीच मावायचं असतं.

मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. १६ मात्रांच्या त्रितालातल्या बऱ्याच मध्यलय बंदिशी ‘खाली’पासून, म्हणजे ९व्या मात्रेपासून उठतात. ओळही तिथूनच सुरू करा आणि प्रत्येक ओळीतली सम एकाखाली एक येऊ द्या. नजर हटली तरी जागा लगेच सापडते. शब्द स्वराच्या बरोबर खाली. लांबलेल्या अक्षराला अवग्रह (ऽ) द्या.

ताना (जलद स्वरांच्या लडी) सगळ्या लिहीत बसू नका, कोणी वाचत नाही. अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) मात्र त्याच पानावर हवा. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. पान उलटणार कोण? आणि झेरॉक्स काढणार असाल तर पेन्सिल नको, टिंबं उडतात.