पडल्यावर दोनच्या आकड्याला उठू नकोस

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तासगावकडे सहा वर्षं तालीम, मग दीड वर्ष बॉक्सिंग, वजन ९६ किलो. बारा दिवसांपूर्वी स्पर्धेत दुसऱ्या राउंडला उजवा हुक (बाजूने फिरवून मारलेला पंच) बसला, खाली गेलास, रेफरीने 'दोन' म्हणायच्या आत ताडकन उभा राहिलास आणि त्यानंतर पहिलाच पंच बसला तसा परत खाली. रेफरीने लढत थांबवली. आता गावात 'पैलवानाची पाठ टेकली' म्हणून बोलतात, आणि तू विचारतोयस की मोठे हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातले बॉक्सर, किती वेळा पडतात आणि पडूनही जिंकतात कसे.

मी फौजेत अकरा वर्षं बॉक्सिंग खेळलो, आता साताऱ्यात सकाळी पोरांना शिकवतो. त्यातली निम्मी तुझ्यासारखीच मातीतून आलेली आहेत.

किती वेळा पडतात याला एक आकडा नाही, माणसागणिक फरक आहे. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला, सगळ्या जिंकला, तरी दोनदा खाली गेला. १९५२ साली वॉलकॉटने त्याला पहिल्याच राउंडला पाडलं आणि त्याच रात्री तेराव्या राउंडला मार्सियानो विश्वविजेता झाला. मुहम्मद अली ६१ लढतींत चार वेळा पडला. त्यातलं एक १९७१ साली फ्रेझरविरुद्ध पंधराव्या राउंडला, इतका थकलेला असताना डाव्या हुकवर पाठीवर आदळला आणि तरी चटकन उठून राउंड संपवला. फ्लॉइड पॅटरसनला १९५९ मध्ये योहान्सनने एकाच राउंडमध्ये सात वेळा खाली घातलं. पुढच्याच वर्षी पॅटरसनने त्याला नॉकआउट करून किताब परत घेतला.

क्लिचको भावांचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. थोरला व्हिताली व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही पडला नाही. धाकटा व्लादिमीर २००५ साली सॅम्युएल पीटरविरुद्ध एकाच लढतीत तीनदा पडला आणि गुणांवर जिंकला. रक्त एक, घर एक. त्यामुळे पडणं म्हणजे मर्दानगी कमी, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकून घेऊ नकोस. थोडं जबड्याच्या ठेवणीवर असतं, थोडं मानेवर, थोडं सवयीवर, आणि बरंचसं त्या एका क्षणी पंच दिसला होता की नाही यावर.

हे शेवटचं नीट समजून घे. जबड्याच्या टोकाला बाजूने हुक बसला की डोकं गर्रकन फिरतं. कवटी फिरते, पण आतला मेंदू तितक्या वेगाने फिरत नाही, तो मागे राहतो आणि पिळला जातो. पायांना जाणारा हुकूम तिथंच तुटतो. पंच येताना दिसला तर मान आपोआप आवळली जाते आणि डोकं कमी फिरतं. न दिसलेला पंच मात्र मोकळ्या मानेवर बसतो. हेवीवेटमध्ये भर इतकीच की समोरच्याच्या हातामागे शंभर किलो आणि वर वजन आहे, आणि शरीर कितीही वाढवलं तरी मेंदूभोवतीचं संरक्षण वाढत नाही. तुझी मान तालमीत चांगली तयार झालेली आहे, हा तुझा मोठा फायदा आहे. ती आवळायला पंच दिसायला हवा, आणि तू उजवा हात टाकताना डावा हात खाली सोडत असशील, असा माझा अंदाज आहे. पैलवान पोरांची ती सवय असतेच, हात पट काढायच्या, म्हणजे समोरच्याचा पाय ओढायच्या, उंचीवर राहतो.

आता मुख्य चूक. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. म्हणून सहा वर्षं तुझ्या अंगात एकच गोष्ट भिनली, जमीन लागली की विजेसारखं उसळून वर यायचं. हौद्यात ती सवय जीव वाचवते. रिंगमध्ये तिनेच तुझा घात केला. इथं खाली गेल्यावर रेफरी मोजतो ते दहा आकडे तुझे असतात, तेवढ्यात उठायचं. आठपर्यंतचा काउंट सक्तीचा असतो, तू दोनला उठलास तरी रेफरी आठपर्यंत मोजतोच. मग ते सहा सेकंद लटपटत्या पायांवर कशाला काढायचे? गुडघ्यावर काढ. उभा राहिलास की पायांत पहिला झोल गेला, तो रेफरीलाही दिसतो आणि समोरच्यालाही.

१९२७ साली शिकागोत डेम्प्सीने टनीला सातव्या राउंडला पाडलं. पाडणारा दूरच्या कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी सुरू होत नाही, पण डेम्प्सी तिथंच उभा राहिला, म्हणून रेफरीने मोजायला उशीर केला आणि टनीला चौदाएक सेकंद मिळाले. त्यावरून वाद घालणारे आजही घालतात. मला त्यातलं टनीचं बसणं महत्त्वाचं वाटतं. एक हात दोरीवर ठेवून रेफरीकडे बघत तो नऊपर्यंत बसून राहिला. उठल्यावर एकही पंच हाणायला धावला नाही, राउंड संपेपर्यंत मागे मागे सरकत राहिला. पुढच्या राउंडला त्यानेच डेम्प्सीला खाली घातलं आणि लढत जिंकली. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनेही आठव्या राउंडला तेच केलं, टायसनच्या पंचवर पडला, नऊच्या आकड्याला उठला. दहाव्या राउंडला टायसन पडला तेव्हा तो रांगत माऊथगार्ड शोधत होता. काउंट चालू असताना त्याचं लक्ष जमिनीवर होतं.

आमच्याकडे याचा सराव असतो. तीन मिनिटं पॅड मारून दम लागला की मी 'खाली' म्हणतो. पोरगं पाठीवर पडतं. मग कुशीवर वळायचं, एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय समोर रोवायचा, ग्लोव्ह मांडीवर. नजर माझ्या बोटांवर. पहिले दोन-तीन आकडे पडलेल्याला ऐकूच येत नाहीत, माझ्यावर वेळ आली तेव्हा मला थेट 'चार' ऐकू आला होता. रेफरी आवाजाबरोबर बोटं दाखवतो ते त्यासाठीच. तीन लांब श्वास घ्यायचे आणि आठला उठून दोन्ही हात वर, रेफरीच्या डोळ्यात बघून. पैलवान पोरांना हा सराव सगळ्यात जड जातो. गुडघ्यावर थांबायला लाज वाटते. महिनाभर रोज केला की लाज जाते.

उठल्यावरची पहिली वीस सेकंद मारायची नसतात. इथं तुझी तालीम कामाला येते. अंगाला अंग लाव, डोकं त्याच्या खांद्यावर टाक, त्याचे दंड आतून बांधून तुझं वजन त्याच्यावर सोड. एकदा-दोनदाच, कारण आपल्या हौशी बॉक्सिंगमध्ये जास्त धरलंस तर रेफरी ताकीद देतो. २०१७ साली वेम्बलीवर जोशुआ सहाव्या राउंडला पडल्यानंतर पुढचे काही राउंड सावकाश खेळला, मगच अकराव्याला त्याने धाकट्या क्लिचकोला संपवलं. पाय एका मिनिटात परत येत नाहीत. २०१८ मध्ये टायसन फ्युरी वाइल्डरच्या पंचवर बाराव्या राउंडला उताणा पडला, हलेना. तो उठला, राउंड पूर्ण केला, लढत बरोबरीत सुटली, हे तू पाहिलं असशीलच. ती गोष्ट डोक्यात ठेवून कुठलाही पोरगा रिंगमध्ये उतरू नये असं मला मनापासून वाटतं. तसं उठणं शिकवता येत नाही.

पोटातला पंच वेगळा. यकृतावर बसला की एक सेकंद काहीच होत नाही, मग पायच काढून घेतल्यासारखे होतात. डोकं स्वच्छ असतं, शरीर ऐकत नाही. त्यावर इलाज एकच, कोपर खाली.

आता तुझ्या प्रश्नाची शेवटची ओळ. 'दोरी मारताना अजून थोडं डोकं दुखतं, पण चालतंय.' भावा, ते चालत नाही. मी फौजेत असताना असाच पडलो होतो. टीममधला नंबर जाईल म्हणून डोकेदुखी कुणाला सांगितली नाही, नवव्या दिवशी स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उतरलो. हलकासा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) बसला, मी मुलांना शिकवताना मारतो तसा, आणि मला रिंगच्या चार दोऱ्या आठ दिसायला लागल्या. त्यानंतर वर्षभर सकाळी उठलो की खोली फिरायची. मी वाचलो. आधीचा मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येते, आणि त्यातून कित्येक तरुण खेळाडू उठलेच नाहीत.

तेव्हा दोरी, बॅग, स्पॅरिंग, तालमीतली मानेची मेहनत, सगळं आज बंद. मिरज तुला जवळ आहे, मेंदूच्या डॉक्टरला दाखव आणि कुठल्या बाजूने पंच बसला, दोनदा पडलास, हे लपवू नकोस. उलटी झाली, नीट दिसेनासं झालं किंवा जास्तच झोप यायला लागली तर सकाळची वाट न बघता रात्रीच जा, घरच्यांनाही हे आत्ताच सांगून ठेव. डॉक्टरांनी हो म्हटलं की आधी नुसतं चालणं, मग हळू पळणं, मग दोरी. कुठल्याही पायरीवर डोकं दुखलं तर एक पायरी मागे. दुखणं पूर्ण गेल्यावरही महिनाभर डोक्यावर पंच नको. वस्तादांना हे उत्तर वाचून दाखव. डॉक्टर काय म्हणाले ते इथंच लिही, मी रोज संध्याकाळी बघतो.