रेडिओवर गाजलं, चार्टवर दिसलंच नाही : वाचकांचे प्रश्न

पॉप सिंगल्स (म्हणजे अल्बमशिवाय सुटी विकायला काढलेली गाणी), चार्ट आणि रेडिओ यावर इतकी पत्रं साठली होती की या वेळी सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न : नव्वदच्या दशकातली गाजलेली गाणी जमवतोय. नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० च्या, म्हणजे दर आठवड्याच्या शंभर गाजलेल्या गाण्यांच्या, याद्यांमध्ये कुठेच सापडत नाही. माझं बघायचं चुकतंय का?

नाही हो, तुमचं काही चुकत नाहीये. ते गाणं हॉट १०० वर कधी आलंच नाही! आणि गंमत म्हणजे १९९६ च्या शेवटापासून १९९७ पर्यंत बिलबोर्डच्याच रेडिओ एअरप्लेच्या, म्हणजे रेडिओवर काय किती वाजतं त्याच्या, यादीत ते तब्बल १६ आठवडे एक नंबरला होतं. म्हणजे अख्ख्या अमेरिकेत दिवसभर तेच वाजतंय, आणि मुख्य चार्टवर त्याचं नावसुद्धा नाही.

कारण तेव्हाचा नियम. गाणं दुकानात सिंगल म्हणून विकायला असेल तरच हॉट १०० वर घ्यायचं, रेडिओवर कितीही वाजू दे. लेबलांनी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी, काय केलं, की रेडिओला गाणं दिलं पण सिंगल काढलाच नाही, म्हणजे ज्याला ते एक गाणं हवंय त्याला पूर्ण अल्बम विकत घ्यावा लागेल. ब्रिटनमध्ये मात्र तोच 'डोन्ट स्पीक' फेब्रुवारी १९९७ मध्ये सिंगल म्हणून दुकानात आला आणि तीन आठवडे एक नंबरला बसला. गाणं तेच, आवाज तोच. एका देशात ते शिखरावर आणि दुसऱ्या देशात त्याची साधी नोंदही नाही, हे मला अजूनही बोचतं, कारण पुढच्या पिढ्या याद्या बघूनच ठरवतात ना काय गाजलं होतं ते.

शेवटी ५ डिसेंबर १९९८ च्या चार्टपासून बिलबोर्डने ती अट काढली आणि नुसत्या एअरप्लेवरही गाणी येऊ लागली. पण नटाली इम्ब्रुलियाच्या 'टॉर्न'साठी ते वरातीमागून घोडं झालं. एअरप्लेच्या यादीत ते ११ आठवडे पहिलं होतं, पण नियम बदलेपर्यंत त्याचा भर ओसरला होता आणि हॉट १०० वर ते ४२ च्या वर गेलं नाही. गू गू डॉल्सचं 'आयरिस' तर एअरप्लेला १८ आठवडे पहिलं, आणि हॉट १०० वर जेमतेम नववं. दोन्ही गाणी एखाद वर्ष उशिरा आली असती तर आज त्यांच्या नावापुढे वेगळेच आकडे दिसले असते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

प्रश्न : ब्रिटनच्या चार्टमध्ये रेडिओ धरतात का?

नाही धरत. नोव्हेंबर १९५२ मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाने साधारण वीसेक दुकानांना फोन करून पहिली यादी बनवली, तेव्हापासून तो विक्रीचाच चार्ट आहे. नंतर त्यात डाउनलोड आले, जुलै २०१४ पासून स्ट्रीमिंग आलं, रेडिओ मात्र नाही. तिथे रेडिओ ऐकून माणूस गाणं घेतो किंवा लावतो, तेवढाच त्याचा हात. अमेरिकेत हॉट १०० मध्ये विक्री, स्ट्रीम आणि रेडिओ तिन्ही मिळून हिशोब होतो, त्यामुळे या दोन देशांचे नंबर शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला जाऊ नका, फसाल.

प्रश्न : आधी रेडिओवर वाजवून हवा करायची आणि मग रिलीज करायचं, की दोन्ही एकदमच?

यावर लेबलांमध्ये वर्षानुवर्षं वाद झालेत, आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट बीटल्सची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९६३ चं वर्ष. ब्रिटनमध्ये बीटल्सने धुमाकूळ घातलाय आणि अमेरिकेत मात्र त्यांना कोणी विचारत नाही, छोट्या लेबलांनी काढलेले त्यांचे सिंगल पडून राहिलेत. कॅपिटल या मोठ्या अमेरिकन लेबलने शेवटी 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' काढायचं कबूल केलं, तारीख १३ जानेवारी १९६४. डिसेंबरात सीबीएसच्या बातम्यांमध्ये या पोरांवर एक छोटासा भाग लागला, तो वॉशिंग्टनजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने बघितला आणि डब्ल्यूडब्ल्यूडीसी या स्टेशनला पत्र लिहिलं, की असं संगीत आपल्याकडे का नाही मिळत? तिथला डीजे कॅरल जेम्स. त्याने विमानातल्या एका एअर होस्टेसच्या हाती इंग्लंडहून ती रेकॉर्ड मागवली, १७ डिसेंबरला त्या मुलीलाच स्टुडिओत बोलावलं आणि गाण्याची घोषणा तिच्याकडून करून घेतली. फोन सुरू झाले ते थांबेचनात. मग त्याने ते रोज वाजवायला घेतलं, दुसऱ्या शहरांतल्या स्टेशनांवरही ते पोचलं, आणि दुकानात मात्र रेकॉर्डच नाही! कॅपिटलने आधी हे थांबवायचा प्रयत्न केला, ते जमेना तेव्हा रिलीजच पुढे ओढून २६ डिसेंबरला आणला. आता बघा, शाळांना ख्रिसमसची सुट्टी, पोरं घरी, रेडिओ चालू, हातात सणाचे पैसे, आणि नेमकी त्याच दिवसांत रेकॉर्ड दुकानात. १ फेब्रुवारी १९६४ च्या चार्टवर ते गाणं एक नंबरला होतं. १३ जानेवारीला आलं असतं तरी चाललं असतं बहुतेक, पण पोरं तोवर शाळेत परत गेली असती आणि तो जोर इतका एकवटला नसता.

यातलं कळीचं काय तर, चार्ट एका आठवड्याचा हिशोब मांडतो. लोकांना गाणं हवंसं वाटतंय तो आठवडा आणि ते हातात मिळतंय तो आठवडा, हे दोन्ही जुळले पाहिजेत.

ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात लेबलांनी हे उलट्या बाजूने वापरलं. पाच-सहा आठवडे आधीपासून रेडिओवर वाजवायचं, विकायला आणायचंच नाही, लोकांची उत्सुकता साठू द्यायची आणि मग सोमवारी एकदम दुकानात टाकायचं. ज्यांना हवं होतं ते सगळे पहिल्याच आठवड्यात घेणार. म्हणून तेव्हा गाणी वर चढत जायच्या ऐवजी थेट वरच उतरायची आणि पुढच्या आठवड्यात धाडकन खाली. अमेरिकेत पण हे झालंच, मायकल जॅक्सनचं 'यू आर नॉट अलोन' १९९५ मध्ये हॉट १०० वर थेट एक नंबरला आलेलं पहिलं गाणं.

डाउनलोड आल्यावर हा खेळ अंगाशी यायला लागला, कारण रेडिओवर ऐकलेलं गाणं माणसाला तेव्हाच हवं असतं, मिळालं नाही तर तो चोरून तरी उतरवतो नाहीतर विसरून तरी जातो. जानेवारी २०११ मध्ये युनिव्हर्सल आणि सोनीने ब्रिटनमध्ये जाहीर केलं की रेडिओवर ज्या दिवशी, विक्रीला पण त्याच दिवशी. आता स्ट्रीमिंगच्या जमान्यात वेगळं काही करण्यात अर्थच उरलेला नाही.

प्रश्न : गाणं एक नंबरला असताना रेडिओवर फारसं ऐकू येत नव्हतं, आता चार्टवर खाली आलंय तर दिवसभर तेच. रेडिओवाले मागे का असतात?

कारण रेडिओला भीती वेगळी असते. स्ट्रीमिंगवर तुम्ही गाणं स्वतः निवडता. रेडिओवर नको असलेलं गाणं लागलं की तुम्ही स्टेशन बदलता, आणि त्या स्टेशनचा धंदा तुम्ही थांबण्यावर चालतो. म्हणून प्रोग्राम डायरेक्टर नवीन गाणं घाबरत घाबरतच घेतो. आधी कमी रोटेशन, दिवसातून मोजके वेळा, तेही रात्री. मग स्टेशनं ठराविक श्रोत्यांना गाण्याचा सात-दहा सेकंदांचा तुकडा, बहुतेक वेळा मुखडाच, ऐकवून विचारतात : ओळखीचं वाटतं का, आवडतं का, आणि कंटाळा आलाय का? यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ओळख पटली नाही तर आवडीचं उत्तर पण ढिलंच येतं, आणि ओळख व्हायला गाणं आधी वाजायला लागतं. म्हणून त्याला आठवडे जातात. 'ओळखतो, आवडतं, कंटाळा नाही' असे आकडे आले की गाणं भारी रोटेशनला जातं आणि मग मात्र दिवसरात्र तेच.

अजून एक, हॉट १०० मध्ये नुसतं किती वेळा वाजलं ते बघत नाहीत तर तेव्हा किती लोक ऐकत होते ते धरतात. मोठ्या शहरातल्या स्टेशनवर सकाळी आठला एकदा वाजणं हे छोट्या गावात पहाटे तीनला कितीतरी वेळा वाजण्यापेक्षा जड पडतं.

द वीकेंड या गायकाचं 'ब्लाइंडिंग लाइट्स' बघा ना. २९ नोव्हेंबर २०१९ ला आलं, हॉट १०० वर एक नंबरला पोचलं थेट एप्रिल २०२० मध्ये. रेडिओच्या यादीत ते २६ आठवडे पहिलं राहिलं, 'आयरिस'चे १८ आठवडे मागे टाकून, आणि हॉट १०० वर एकूण ९० आठवडे टिकलं. इतका मुक्काम रेडिओच्या बळाशिवाय शक्य नव्हता. पहिल्या आठवड्यात चाहते गाणं वर नेतात, पण गाडीत बसलेल्या, स्वतःहून काहीच न शोधणाऱ्या माणसापर्यंत ते रेडिओच नेतो. मला हा सावकाश चालणारा रेडिओ फार आवडतो, लोक काहीही म्हणोत.

प्रश्न : पैसे देऊन गाणं वाजवून घेतात हे खरं का?

घेतलेलं आहे, कोर्टाच्या आणि सरकारी कागदांवर आहे. अमेरिकेत याला पेओला म्हणतात. १९५९-६० ला तिथल्या संसदेच्या समितीने डीजेंची चौकशी केली, १९६० मध्ये कायदा बदलून श्रोत्यांना न सांगता असे पैसे घेणं गुन्हा ठरवलं, आणि ॲलन फ्रीड, ज्याने रॉक अँड रोल घराघरात नेलं, त्याची कारकीर्द यात संपली. त्यानंतर थांबलं का, तर नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांच्या चौकशीत सोनी बीएमजीने १ कोटी डॉलर भरून तडजोड केली, २००६ मध्ये युनिव्हर्सलने १ कोटी २० लाख.

दुसरी लबाडी कागदावरची होती. १९९१ च्या आधी स्टेशनं स्वतःच यादी कळवायची आणि दुकानं पण तोंडी सांगायची, त्यामुळे न वाजवलेली गाणीही यादीत यायची. ३० नोव्हेंबर १९९१ च्या चार्टपासून बारकोडवरची विक्री आणि यंत्राने टिपलेलं प्रसारण वापरायला लागले आणि चित्रच पालटलं. लोक एकच गाणं किती काळ ऐकत राहतात ते पहिल्यांदा दिसलं. १९९२ मध्ये बॉइझ टू मेनचं 'एंड ऑफ द रोड' १३ आठवडे एक नंबरला राहिलं, एल्व्हिसचा १९५६ पासूनचा ११ आठवड्यांचा विक्रम मोडून.

प्रश्न : रेडिओने बंदी घातली तर गाणं संपतं का?

ब्रिटनमध्ये नाही. फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं 'रिलॅक्स' जानेवारी १९८४ मध्ये सहाव्या नंबरला होतं, बीबीसीने वाजवायचं बंद केलं, आणि दोन आठवड्यांत ते एक नंबरला जाऊन पाच आठवडे तिथेच राहिलं. पण लक्षात घ्या, तिथे रेडिओची मोजणीच नव्हती, बंदीची बातमी वाचून लोक दुकानात गेले आणि विक्री तेवढी वाढली. रेडिओ मोजणाऱ्या चार्टवर हाच प्रकार महागात पडला असता.

प्रश्न : ख्रिसमसची जुनी गाणी आता दर वर्षी वर कशी येतात?

मराया कॅरीचं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' १९९४ चं, आणि अमेरिकेत तेव्हा त्याचा पण सिंगल काढला नव्हता, म्हणजे परत तोच 'डोन्ट स्पीक'चा नियम आडवा. हॉट १०० वर ते एक नंबरला आलं डिसेंबर २०१९ मध्ये, २५ वर्षांनी. ब्रेंडा लीचं १९५८ चं गाणं तर २०२३ मध्ये आलं. घरात सीडी असलेला माणूस पूर्वी ती हजार वेळा लावायचा तरी चार्टला कळायचं नाही, आता प्रत्येक स्ट्रीम मोजला जातो आणि त्याच दिवसांत रेडिओ स्टेशनंसुद्धा सणाच्या गाण्यांनी भरून जातात. नवीन कलाकारांनी म्हणूनच डिसेंबर टाळलेला बरा, जागाच उरत नाही.

प्रश्न : मी स्वतः गाणी करते. पहिला सिंगल काढतेय, तारीख कशी ठरवू?

अभिनंदन! शुक्रवार धरा. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हाच रिलीजचा वार ठरलाय आणि चार्टचा आठवडा पण शुक्रवार ते गुरुवार मोजतात, त्यामुळे मंगळवारी काढलंत तर पहिल्या आठवड्यातले चार दिवस गेलेच म्हणून समजा. मोठ्या कलाकाराचा अल्बम येतोय तो शुक्रवार सोडा. ब्लर आणि ओॲसिस या दोन ब्रिटिश बँडनी ऑगस्ट १९९५ मध्ये एकाच दिवशी सिंगल काढले आणि दोघांचीही भरपूर विक्री झाली, पण त्या भांडणाची बातमी आधीच पेपरभर होती, तुमच्या-माझ्या बाबतीत तसं होत नाही.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, मी म्हणेन तीन-चार आठवडे आधीच पाठवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे त्याची स्वतःची ओळख-खूण, असतो, तो फाइलबरोबर नीट गेलाय का बघा, नाहीतर वाजलेलं तुमच्या नावावर लागायला अडचण येते. रेडिओसाठी शिव्या नसलेली, साधारण साडेतीन मिनिटांच्या आतली आवृत्ती वेगळी करून ठेवा, आणि सुरुवातीचं वाद्यसंगीत लांब असेल तर त्यात कापा. स्टेशनला पाठवताना गाण्याची लिंक त्या दिवशी चालू असेल याची खात्री करा, कारण एखाद्या डीजेने खरंच लावलं तर ऐकणारा त्याच मिनिटाला शोधायला जाणार आहे.

आणि पहिल्या आठवड्यात काही हललं नाही म्हणून गाणं सोडून देऊ नका. पुढचे तीन महिने स्टेशनांना पाठवत राहा, दर वेळी सोबत काहीतरी नवीन जोडून, कुठे कार्यक्रम झाला, कुठे वाजलं, असं.