कारण नको, कागद माग

पोरी,

तुझा मेसेज आणि सोबतचा, तुझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला नगरपंचायतीने दिलेल्या उत्तराचा फोटो, दोन्ही वाचलं. "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." या एका ओळीने तू एवढी खचलीस की अभ्यास बाजूला पडला, आणि आता विचारतेस, काका, फेसबुकवर टाकू की गप्प बसू?

दोन्ही नको. त्यांचं उत्तर बरोबर आहे. तू विचारलंस, "हा काँक्रीट रस्ता वर्षभरात का उखडला आणि याला जबाबदार कोण?" याचं उत्तर जन माहिती अधिकाऱ्याने तयार करून द्यायचं नसतं. दप्तरात जे आहे तेवढंच द्यायला तो बांधील आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलंय. 'का' विचारलंस की सुटका त्याची होते. कारण मागू नकोस, कागद माग.

त्या रस्त्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेलं काम मोजून ज्यात लिहितात त्या एमबीची पानं, चाचणी अहवाल आणि अंतिम बिल. बास. कार्यादेशात किंवा निविदेच्या अटींत दोष दायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम अडकवून ठेवलेली असते. तुझ्या 'जबाबदार कोण'चं उत्तर तिथे आहे, सहीशिक्क्यासकट. अनामत मुदतीआधीच परत दिली असेल तर त्याचाही कागद असणार. तोही माग.

आणि एमबी नीट वाचायला शीक. एका गटाराच्या कामात मी कार्यादेश आणि एमबी शेजारी ठेवली, तर पहिल्या मोजमापाची तारीख कार्यादेशाच्या आधीची. काम द्यायच्या आधीच मोजून झालेलं! सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. अभियंत्याला मी काहीही विचारलं नाही. दोन्ही पानांच्या प्रमाणित प्रती घेतल्या आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेकडे पाठवल्या. भांडून काय मिळालं असतं? चहा मिळाला असता.

तुझे वडील म्हणतात, ग्रामपंचायत होती तेव्हा असं नव्हतं. चोऱ्या तेव्हाही होत होत्या, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. गाव होतं तेव्हा ग्रामसभा होती. कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकत होता. नगरपंचायत झाली, बोर्ड रंगला, आणि ग्रामसभा गेली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली, चौऱ्याहत्तराव्याने शहराला प्रभाग समित्या दिल्या, पण त्या बंधनकारक कुठे, तर तीन लाख वस्तीच्या पुढे. तुमचं गाव मधल्या मधे. ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती. उरली सर्वसाधारण सभा, तिथे बोलणार नगरसेवक. त्यातही खरे विषय विषयपत्रिकेवर नसतातच. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' म्हणून येतात आणि पाच मिनिटांत मंजूर होतात. म्हणून इतिवृत्त मागशील तेव्हा शेवटून वाच.

आम्हा पुणेकरांनाही फार मिरवायला जागा नाही. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच आयुक्त, तोच स्थायी समिती, तोच सभागृह. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. अशा वेळी कागदाशिवाय काय असतं नागरिकाच्या हातात?

नगरपंचायतीच्या वेबसाइटवर काही नाही, असं लिहिलंयस. नसणारच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे १७ बाबी त्यांनी न मागता जाहीर करायच्या आहेत, २००५ पासून. तिथे नेत्यांचे फोटो असतात आणि 'काम सुरू आहे' अशी पट्टी फिरते. त्यावर त्रागा करू नकोस. त्या १७ बाबींची अद्ययावत प्रतच माग. नसेल तर 'उपलब्ध नाही' असं लेखी घे. तोही कागदच. फाइल गहाळ आहे म्हणाले तरी घाबरू नकोस. माहिती नाकारायची कारणं कायद्यात मोजकी आहेत, त्यात 'गहाळ' नाही. उलट सार्वजनिक अभिलेख जपण्यासाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, तोही २००५ चाच.

आता घरचा विषय. मुख्याधिकाऱ्यांनी वडिलांना बोलावून "मुलीला समजवा, करिअर खराब होईल" म्हणणं ही धमकीच आहे, कितीही गोड बोलले असले तरी. मी तुला शूर हो वगैरे सांगणार नाही. तळेगाव दाभाड्यात १३ जानेवारी २०१० ला सकाळी सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनींचे व्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. पुण्याहून तळेगाव किती लांब आहे? एकटी अर्ज करू नकोस. तीच माहिती चार जणांनी चार अर्जांत मागा, प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा. आणि वडिलांवर चिडू नकोस. त्यांना त्याच गल्लीत राहायचंय.

मला लोक काय काय म्हणतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. ब्लॅकमेलर, रिकामटेकडा, निवडणूक लढवायची हिंमत नाही म्हणून अर्ज खरडतो. एका प्रकरणात माझ्या अपिलानंतर एका कनिष्ठ लिपिकाची लांब बदली झाली, सही करणारे साहेब जागेवरच राहिले. "गरिबाच्या पोटावर पाय दिलात," असं आजही कुणीतरी सुनावतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्याला हलवा असं मी कुठे लिहिलं होतं? मी प्रत मागितली होती. बळीचा बकरा कोणाला करायचं ते त्यांनी ठरवलं. त्याचं पाप माझ्या माथी मारून घ्यायला मी तयार नाही, आणि उद्या तसं झालं तर तूही घेऊ नकोस.

आणि हो, तू सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतेयस, म्हणजे उद्या तूच कुठेतरी मुख्याधिकारी होशील. "तेव्हा माझ्यावर असे अर्ज आले तर?" हे तुझ्या मेसेजमधलं वाक्य मला सगळ्यात आवडलं. आले तर दे. इतकं सोपं आहे ते.

आता पहिल्या अपिलाच्या नादी लागू नकोस, प्रश्नच चुकीचा होता. नवा अर्ज लिही. महाराष्ट्राच्या नियमांत १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून फक्त रस्ता. गटार पुढच्या अर्जात. तीस दिवस उलटून गेले तर माहिती फुकट मिळते, कलम ७(६). मसुदा उद्या रात्रीपर्यंत मला पाठव. त्यात 'का' किंवा 'कोण' दिसलं तर परत येईल. अर्जाला लावायचं दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प इथूनच घेऊन जा, तुमच्याकडे ते नेमकं संपलेलं असतं. आणि पोच घेतल्याशिवाय आवक-जावकच्या टेबलावरून हलू नकोस.

काका